सोडायला हरकत नाही

"बाई, अशफाकभाई गेले," मुनाफ फोनवर म्हणाला. मी नाशिकला, सुट्टीत, आईच्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले होते. मी उलट त्यालाच विचारलं, "गावाला आले? कधी? मला कळवलं कसं नाही?" आम्ही राहतो त्या सौदीतल्या जेद्दाहून कुणी गेलं म्हणजे सुट्टीवर गेलं, असाच आमच्याकडे अर्थ होतो. मुनाफ म्हणाला, "नाय बाई, गावाला नाय... सकाळी नमाजला उठले नाय, म्हणून हलवायला गेलो." तो त्यांच्याच खोलीत, जेद्दाच्या बलद भागातल्या जुन्या इमारतीत राहत होता. हार्ट अटॅक, असं डॉक्टरने लिहून दिलं. जेद्दातच दफन झालं. श्रीवर्धनला त्यांच्या बायकोला, नसीमवहिनींना, आणि मुलीला, सानियाला त्यांचा चेहरा व्हिडिओ कॉलवर दाखवला गेला.

डॉक्टरने लिहिलं ते खोटं नाही. पण त्या हृदयाला आधीचे तीन आठवडे कुणी कसं वागवलं, ते त्या कागदावर नाही. ते मी इथे लिहिते आहे. ज्याने वागवलं तो या वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतो. जेद्दातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यातले उतारे वाचून दाखवायची त्याला हौस होती. त्याचं नाव मी लिहिणार नाही. अशफाकभाईंवरच्या लेखात त्याला तेवढीही जागा द्यायची नाही.

अशफाकभाई आम्हाला भेटले ते आमच्या ट्रेलरमुळे. माझ्या नवऱ्याने, विनयने, एक जुना ट्रेलर घेतला होता. गाडीमागे ओढायची, आत दोन पलंग आणि शेगडी असलेली चाकांवरची खोली. थंडीत लोक तो घेऊन वाळवंटात मुक्कामाला जातात. आमच्या ट्रेलरला चार चाकं, चारही चाकांना विजेवर चालणारे ब्रेक, आणि ब्रेक दाबला की सगळा ट्रेलर उजवीकडे ओढायचा. दोन वर्कशॉपवाल्यांनी चाकं खोलून, साफ करून परत लावली. फरक शून्य. तिसऱ्या वर्कशॉपमध्ये अशफाकभाई होते. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेले. त्यांनी चाकांना हातही लावला नाही. मीटर काढला आणि मला विचारलं, "बाई, तुम्ही शाळेत काय शिकवता?" मी म्हटलं, फिजिक्स. "मग ह्या तुम्हीच सांगा. एका चाकात एक मॅग्नेट. एक मॅग्नेट तीन अँपिअर खातो. चार चाकं, तर किती?" बारा, मी म्हणाले. त्यांनी मीटर माझ्यासमोर धरला. नऊ. "म्हणजे एक चाक उपाशी हाय. आता फक्त तेच शोधायचं. बाकीच्या तिघांना उगाच कशाला त्रास द्यायचा?"

डाव्या बाजूच्या मागच्या चाकाची निगेटिव्ह वायर समुद्राच्या हवेने हिरवी पडली होती. ती कापून त्यांनी नवी जोडली, सोल्डरचा डाग दिला, वर लाल रबरी नळी चढवून ती तापवून घट्ट बसवली. वीस मिनिटांत काम झालं. मी त्यांना म्हणाले, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना हे एवढं सरळ समजत नाही. ते लाजले. आठवी नापास होते, असं पुढे कधीतरी कळलं... त्यांना मराठी वाचता यायचं, इंग्रजी अक्षरं जुळवत जुळवत यायची. आणि वर्कशॉपमध्ये प्रत्येक गाडीचं कार्ड इंग्रजीत भरावं लागायचं. तिथून आमचा व्यवहार सुरू झाला. ते कार्डाचा फोटो मला पाठवायचे, मी स्पेलिंग दुरुस्त करून पाठवायचे. त्यांची मुलगी सानिया बारावीला होती, तिला मी व्हिडिओवर फिजिक्स शिकवायचे. आज ती इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

यंदा सुट्टीला निघालो, आम्ही विमानतळावर बॅगांच्या रांगेत होतो, तेव्हा असाच एक फोटो आला. अबू फहद नावाच्या गिऱ्हाईकाचा ट्रेलर, वर नंबर. अशफाकभाईंनी लिहिलं होतं की मागच्या दोन्ही चाकांची वायर अ‍ॅक्सलच्या नळीत घासून तुटली आहे, मीटरवर बाराऐवजी सहाच येतात, ट्रेलर सोडू नये. खाली हिरव्या शाईत, अक्षराला अक्षर जोडलेल्या घाईच्या इंग्रजीत, मॅनेजरने काहीतरी खरडून सही केली होती. अशफाकभाईंनी विचारलं होतं, "बाई, खाली साहेबांनी काय लिवलंय?"

मी कळवलं, "सोडायला हरकत नाही, असं लिहिलंय."

लगेच उत्तर आलं. "पण हरकत हाय ना, बाई."

मी लिहिलं, "साहेबांशी बोला." आणि फोन पर्समध्ये टाकला, कारण विनय हाका मारत होता. माझा यातला वाटा एवढा आहे. तो मी कमी करून सांगणार नाही.

ते साहेबांशी बोलले. मुनाफ तिथेच रंगकामाला आहे, त्याने ऐकलं. मॅनेजर म्हणाला, गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलंय, दोन चाकांवर काय थांबत नाही का गाडी, यल्ला, सोड लवकर. अशफाकभाईंनी किल्ली द्यायला नकार दिला तेव्हा मॅनेजरने स्वतः ती टेबलावरून उचलली. अबू फहद कुटुंब घेऊन ताइफला थंड हवेला गेला, आणि परतताना घाटात त्याचा ट्रेलर थांबेना. मागच्या वजनाने गाडी ढकलत ढकलत कठड्यावर नेली. जीव वाचले, पण अबू फहदच्या मुलीचा पाय दोन ठिकाणी मोडला. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधलं कार्ड नाहीसं झालं होतं. मॅनेजरने लेखी दिलं की ब्रेकचं काम अशफाकने केलं होतं, त्याने वायर चुकीची जोडली. अशफाकभाईंचा फोन कंपनीचा होता, तो काढून घेतला. कामावरून उठवलं, तक्रार झाली, आणि चौकशी होईपर्यंत देश सोडायला बंदी. माझा नंबर त्या फोनमध्येच राहिला; सानियाकडे मागितला असता तर घरी सगळं कळलं असतं, म्हणून तो मुनाफने तिच्याकडून घेतला ते गेल्यावरच. तीन आठवडे ते खोलीत बसून होते. मुनाफ सांगतो, जेवायला बसले की विचारायचे, "पोरगी चालायला लागली का रे?" अबू फहदची मुलगी.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास मी परतले. मंडळाने शोकसभा ठेवली होती आणि मॅनेजरच अध्यक्ष. ट्रेलरच्या अपघाताची गोष्ट मी पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकली. त्याने माइक हातात घेतला, डोळे पुसले आणि म्हणाला, "माणूस सोन्यासारखा. कामात एक चूक झाली, मोठी झाली. पण आज आपण सगळ्यांनी त्याला मोठ्या मनाने माफ करू या." लोकांनी माना हलवल्या. तो माफ करत होता! मी पर्समधून फोन काढला, जुने फोटो मागे सरकवत गेले, आणि ती हिरवी शाई सापडली. मी उठून ओरडले नाही. दोन मिनिटं सगळ्यांबरोबर शांत उभी राहिले. त्या दोन मिनिटांत मी मृतात्म्यासाठी प्रार्थना केली नाही. याला कुठे, कसा आणि कुणासमोर धरायचा, एवढाच विचार केला.

त्याच आठवड्यात, सभेतलं बोलणं कानावर गेल्यावर, सानियाचा फोन आला. "काकी, तुम्हीच सांगा. अब्बूंनी खरंच वायर चुकीची जोडली होती? कॉलेजात मॅग्नेट, करंट शिकवतात तेव्हा मला वर बघता येत नाही." मी तिला म्हटलं, आठ दिवस दे.

अबू फहदला मी विनयबरोबर जाऊन भेटले. फोटो दाखवला. त्याने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, असा कागद नंतर कुणीही बनवू शकतो. बरोबर होतं त्याचं. मोडका ट्रेलर त्याने शहराबाहेरच्या आवारात ठेवला होता. मी म्हटलं, वर्कशॉपच्या मालकाला आणि मॅनेजरला तिथे बोलवा, मी ब्रेक तपासून दाखवते. एक शाळामास्तरीण काय तपासणार म्हणून असेल, पण मॅनेजर हसत हसत आला. विनयने मागची चाकं जॅकवर उचलली. गाडीच्या बॅटरीवरून मी ब्रेकच्या वायरीला करंट दिला आणि मीटर लावला. सहा. पुढची चाकं जागच्या जागी घट्ट धरली गेली, त्यांची गुणगुण ऐकू येत होती. मागचं चाक अबू फहदने स्वतः हाताने फिरवलं. ते फिरतच राहिलं.

"तेच तर," मॅनेजर म्हणाला. "त्याने चुकीचं जोडलं, म्हणून चालत नाही."

मी त्याला ते दोनदा म्हणू दिलं. दुसऱ्यांदा मालकाकडे बघून. मग विनयने मागच्या अ‍ॅक्सलच्या नळीतून वायर ओढून काढली. जुनी, कारखान्यातून आलेली सलग वायर, एका जागी आवरण घासून गेलेलं, आतलं तांबं तुटलेलं. मी ती अबू फहदच्या हातात दिली आणि म्हटलं, "यात जोड दाखवा. डाग, टेप, काहीही. याला कुणी हातच लावलेला नाही. त्यांनी वायर जोडलीच नाही, तर चुकीची कशी जोडतील? ती तुटलीय एवढंच लिहून त्यांनी ट्रेलर अडवला होता. सोडला कुणी, ते खाली हिरव्या शाईत आहे." मालकाने फोटोतली सही पाहिली, मग मॅनेजरकडे पाहिलं. अरबीत एकच वाक्य बोलला. मला त्यातलं फक्त 'खलास' कळलं, आणि तेवढं पुरलं.

अबू फहदने अशफाकभाईंवरची तक्रार मागे घेतली आणि नवी केली. आता देश सोडायला बंदी मॅनेजरला आहे. तो आमच्या घरी आला होता. "वहिनी, एवढं ताणू नका. आपली माणसं आहोत आपण. माझी मुलं तुमच्याच शाळेत आहेत." दया येईल म्हणून मी थोडा वेळ खरंच वाट पाहिली... आली नाही. आजही आलेली नाही. मी फोन लावला आणि त्याच्यासमोर धरला. सानिया होती. तो अडखळत म्हणाला, "बेटा, जे झालं ते दुर्दैवी होतं, गैरसमजातून..."

"सर," ती मध्येच म्हणाली, "तुम्ही कार्डावर लिहिलं होतं ते वाचून दाखवा."

विनयच्या फोनवर पाठवून ठेवलेला फोटो मी पुढे केला. त्याने वाचलं.

"आता मराठीत सांगा. शेजारी अम्मी बसलीय."

त्याने सांगितलं. पलीकडून नसीमवहिनींचा आवाज आला, तोही त्याच्याशी नाही, लेकीशी. "ठेव आता फोन."

मागच्या शुक्रवारी मुनाफने अशफाकभाईंचं सामान बांधून ठेवलं होतं, ते आणायला गेले. कॉटवर नवा माणूस आला आहे. सामान असं थोडंच. त्यात वर्कशॉपचा निळा शर्ट होता, धुतलेला, घडी केलेला. घरी आणून मी खिशावर शिवलेली वर्कशॉपच्या नावाची पट्टी एकेक टाका उसवून काढली आणि केराच्या टोपलीत टाकली. शर्ट श्रीवर्धनला जाणाऱ्या एका बाईंजवळ दिलाय. इतक्या वर्षांच्या उन्हाने सगळा विटलाय तो. फक्त नाव होतं तिथे, छातीवर डाव्या बाजूला, दहा हात लांबूनही दिसेल असा मूळचा गडद निळा रंग तसाच राहिलाय.