केनिया राहिलं, पिलान्सबर्ग घडलं: दोन जावांची सफारी

आफ्रिकेत प्राणी बघायला जायचं तर नेमक्या कोणत्या देशात, या एका प्रश्नावर मी अख्खा पावसाळा घालवला. कळंबजवळ आमचं चार खोल्यांचं शेतघर आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं येतात, झोपाळ्यावर बसतात आणि आपण कुठे कुठे जाऊन आलो ते सांगतात. अशाच एका बाईंनी मला मोबाइलवर केनियातले फोटो दाखवले. हजारो विल्डबीस्ट, म्हणजे तिकडचे रानबैल, नदीत उड्या टाकतायत आणि काठावर मगरी तोंड उघडून बसल्यात. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात केनिया शिरलं ते शिरलंच.

बरोबर कोण, हा पुढचा प्रश्न. माझा नवरा आणि दीर म्हणजे शेतघर सोडून पनवेललासुद्धा मुक्कामाला न राहणारी माणसं. शेवटी थोरल्या जाऊबाई, आमच्या सुनंदावैनी, स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, “मला ने की गं. हत्ती बघायचाय मला. मोकळा.”

वैनी आमच्या शेतघराचं स्वयंपाकघर सांभाळतात. पाहुणे परत येतात ते त्यांच्या हातच्या जेवणासाठी, हे मी जाहिरातीतही लिहिते. त्यांचा तोवरचा सगळ्यात लांबचा प्रवास महाबळेश्वर. मी लगेच हो म्हटलं.

आता जे सांगते ते नीट वाचा, कारण टूरवाले हे शेवटी सांगतात. केनिया, टांझानिया, युगांडा, यांपैकी कुठेही जायचं तर पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते. तिचा दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवतात. वैनींना सांधेवात आहे आणि त्याच्या गोळ्या शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. खोपोलीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, ही लस यांना चालणार नाही. मलेरियाचा भागही टाळलात तर बरं.

घरी येताना गाडीत वैनी खिडकीबाहेर बघत होत्या. चौकच्या पुढे आल्यावर म्हणाल्या, दुसरी कोणी मैत्रीण बघ आणि जाऊन ये.  घरी गेले, मोबाइल उघडला आणि शोध उलटा सुरू केला. कोणते प्राणी दिसतात हे नंतर, आधी लस कुठे लागत नाही ते बघू. बोट्स्वाना छान वाटलं, पण तिथे छोट्या विमानांनी फिरायचं आणि खर्च आपल्या आवाक्याबाहेर. राहिली दक्षिण आफ्रिका. तिथे पिवळ्या तापाची भानगड नाही आणि काही अभयारण्यं अशी की जिथे मलेरियाही नाही. त्यातलंच पिलान्सबर्ग हे जोहान्सबर्गपासून गाडीने साधारण तीन तासांवर.

व्हिसा मुंबईला जाऊन करावा लागतो, हातात महिना-दीड महिना ठेवा. आदिस अबाबामार्गे तिकीट स्वस्त मिळत होतं, पण ते शहर ज्या देशात आहे तोही पिवळ्या तापाच्या यादीतला, म्हणून आम्ही दुबईमार्गे गेलो. विमानाचं तिकीट हाच मोठा खर्च. जीपच्या फेऱ्या आणि जेवण लॉजच्या भाड्यातच धरलेलं असतं. निघालो मे महिन्यात. आपल्याकडे अंगाची लाही होत असते तेव्हा तिकडे थंडी सुरू झालेली असते आणि गवत वाळल्यामुळे प्राणी चटकन दिसतात. पाऊस सुरू व्हायच्या आत भाताच्या पेरणीला परत यायचं, ही दिरांची एकच अट.

जोहान्सबर्गहून निघालो तर गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने. रस्ते मात्र असे की वैनींनी डबा उघडून निवांत चटणी-पोळी खाल्ली, एक थेंब तेल सांडलं नाही. पिलान्सबर्ग म्हणजे विझलेला जुना ज्वालामुखी. डोंगरांची गोल कडी आणि मधोमध तळं. आमच्या भागातल्या कोंडाण्याच्या लेण्यांकडून राजमाचीकडे बघताना समोर डोंगराची भिंत उभी असते ना, तशीच भिंत चहूबाजूंनी, पण बुटकी.

लॉजवर सकाळी मक्याच्या पिठाची घट्ट उकड मिळते. तिला तिकडे ‘पाप’ म्हणतात. वाढणारी मुलगी हसून विचारायची, पाप घेणार का? वैनी पहिल्यांदा दचकल्या. मग चव घेऊन बघितली, वर आपली लसणाची चटणी घातली आणि रोज दोनदा पाप केलं.

आमचा गाईड कागिसो हा तिथलाच, त्स्वाना भाषा बोलणारा. वयाने मोठ्या बाईला ते ‘म्मा’ म्हणतात. वैनींना ते फार आवडलं. जीप सगळ्या बाजूंनी उघडी असते. पांघरुणं आणि गरम पाण्याच्या पिशव्या देतात, तरी टोप्या, हातमोजे घरूनच न्या.

पहिल्या संध्याकाळी झेब्रे दिसले, जिराफ दिसले, पाठमोरा एक गेंडा दिसला. सगळं छान होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ती केनियातली नदी होती आणि मी गप्प झाले होते. खोलीवर आल्यावर वैनींनी ते बोलून दाखवलं.

“माज्यामुळं तुजं केनिया ऱ्हायलं.”

नाही हो, असं म्हणणं सोपं होतं. पण रोज एकाच ओट्यापाशी उभं राहणाऱ्या माणसाशी खोटं बोलून उपयोग नसतो. “हो, राहिलं,” मी म्हटलं. “पण तुमच्याशिवाय नसतेच गेले.” त्यांनी मान हलवली आणि शेकायची पिशवी मांडीवर ओढून घेतली. एवढंच.

सकाळी थंडीने त्यांची बोटं आखडली होती. मूठ मिटेना. जीपचा दांडा धरायचा कसा? मी म्हटलं, आज दोघीही राहू. त्या म्हणाल्या, एवढ्या लांब पांघरुणात बसायला आले नाय मी. मग मी त्यांना मधल्या बाजूला बसवलं, माझ्या ओढणीने दोघींना कमरेशी एकत्र बांधलं आणि एक हात त्यांच्याभोवती टाकला. कागिसोने ते बघितलं आणि खड्डे चुकवत अगदी सावकाश गाडी काढली.

तळ्याकडे उतरणाऱ्या वळणावर तो समोर आला. एकटा नर हत्ती, रस्त्याच्या मधोमध. कानाच्या पुढून ओघळ वाहत होते. कागिसो हलक्या आवाजात म्हणाला की हा मदावर आलेला आहे, कोणी हलू नका. आणि गाडी मागे घ्यायला लागला. आम्ही मागे जातोय, तो पुढे येतोय, धावत नाही, पण थांबतही नाही. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला उतार. त्याची सोंड हवेत वळवळताना दिसत होती.  दोघी एकमेकींना बांधलेल्या आहोत, पळायची वेळ आली तर गाठ सुटणार नाही, हा एकच विचार डोक्यात.

शेवटी रस्ता जरा रुंद झाला. कागिसोने गाडी झुडपाला टेकवून इंजिन बंद केलं. हत्ती आमच्या शेजारून गेला. इतका जवळून की त्याच्या कातडीवरचा सुकलेला चिखल दिसत होता आणि उग्र वास नाकात बसला. तो थांबला, वैनींकडे बघितलं असं मला वाटलं, आणि पुढे निघून गेला.

 मग वैनी म्हणाल्या, “माजी बोटं सोडव गं.” सकाळी न मिटणारी त्यांची मूठ माझ्या मनगटावर घट्ट आवळलेली होती. एकेक बोट मी उलगडलं. दुखून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या हसतही होत्या. कागिसोने थर्मासमधून चहा ओतला. 

पुढच्या दिवसांत सिंह दिसले, छावे दिसले, ते फोटो खाली टाकले आहेत. हत्तीचा एकही फोटो नाही. दोघींपैकी कुणाचाही हात मोकळा नव्हता.

परत आलो तेव्हा घरी नवरा-दिरांच्या हातून वरणात हिंग दोनदा पडत होता आणि पाहुणे सोसत होते. वैनींचे सांधे पंधरवडाभर बोलत राहिले. डॉक्टर रागावले, मग खुर्ची पुढे ओढून हत्तीची गोष्ट ऐकत बसले.

आता पाहुणे मला विचारतात, आफ्रिकेत कोणता देश निवडावा? मी सांगते, नकाशा मागाहून उघडा. आधी बरोबर कोण येणार ते ठरवा आणि त्यांच्या शरीराला काय झेपतं ते डॉक्टरांना विचारा. देश आपोआप ठरतो.

परवा तांदूळ निवडताना वैनींनी विषय काढला. आता नवऱ्याला ओढून ने आणि केनिया करून ये. मी म्हटलं, केनियाचं नाही, मी नामिबियाचं बघतेय. तिथेही ती लस लागत नाही.

त्यांनी सुपातून मान वर केली नाही. 

“थंडी असती का गं तिथं?”

“सकाळी असते.”

“मग आवंदा हातमोजे जाड घे.”