आंब्याच्या कोयींनी धरून ठेवलेली जमीन

शबानाचा फोन आला, "रविवारी येतेस का? मेथीचा रिपोर्ट यायचाय." ही माझी कॉलेजातली मैत्रीण, भोरला रसायनशास्त्र शिकवते. किकवीजवळच्या एका नासलेल्या शेतासाठी तिची धडपड चाललेली मला ठाऊक होती. दोन हंगाम तिथली भाजी तपासणीत नापास झाली होती. मी लगेच हो म्हटलं.

स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. शिवऱ्याला उतरून गरम भजी खाल्ली, तोवर शबाना टेम्पो घेऊन आलीच. आधी वेल्हे. नसरापूर सोडलं की रस्ता अरुंद आणि खड्ड्यांचा, पण वळणावळणाला तोरणा समोर येतो, त्यामुळे कुरकुर करवत नाही. जाणाऱ्यांनी वेळ हातात ठेवून जावं.

वेल्ह्यात बायकांचा एक गट उन्हाळ्यात आंब्याचा रस काढून डबाबंद करतो. उरलेल्या साली आणि कोयी पूर्वी ओढ्याकाठी कुजायच्या. आता त्या वाळवून झाकणबंद पिंपात जाळतात आणि त्यांचा कोळसा कुटून ठेवतात. आम्ही त्याची पोती टेम्पोत भरली. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले.

दुपारी किकवीला पोचलो. सुदामकाका आणि पारूकाकी या शेतकरी जोडप्याच्या शेताशेजारी पूर्वी धातूला मुलामा द्यायचा कारखाना होता. तो बंद पडला, पण त्याच्या पाण्यातलं निकेल आणि क्रोम मातीत राहिलं. काकांनी शेत दाखवलं. मधोमध दोरी बांधलेली. अलीकडे उघडीबोडकी, पांढुरकी जमीन. पलीकडे, कोळसा आणि शेणखत मिसळलेल्या मातीत, गुडघ्याला लागेल अशी मेथी. मी कितीतरी वेळ नुसती बघत उभी राहिले.

"म्हणजे विष निघून गेलं?" मी विचारलं.

"नाही," शबाना म्हणाली. "तिथंच आहे. कोळशानं धरून ठेवलंय, मुळांना सहजी मिळत नाही. म्हणून दर हंगामात तपासायचं."

"दोन येळा माज्या हातानं उपटून टाकलीया," पारूकाकी म्हणाल्या. "जीव लई तुटला."

तेवढ्यात शबानाचा मोबाईल वाजला. ती बांधापर्यंत चालत गेली, पाठमोरी उभी राहून ऐकत राहिली. काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. शबाना परत आली ती थेट काकींसमोर. "काकी, पानं चांगली आहेत. खायला चालतील."

काकी खाली बसल्या आणि मेथी खुडू लागल्या.

घरी त्यांनी लसूण घालून भाजी परतली, भाकऱ्या थापल्या. शबानानं ताट ओढलं. "पहिला घास माझा. भाजी खाण्याजोगी होईल हा शब्द माझा होता."

"व्हय, पर शेत आमचं हाय," काका म्हणाले आणि त्यांनीही घास उचलला. दोघांनी एकदमच खाल्ला. मग काकींनी माझ्या ताटात भाजी वाढली. किंचित कडू होती. इतक्या जपून मी कधी जेवले नव्हते.

संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला परतले. तोरण्याचे फोटो चांगले आलेत, पण मित्रमंडळींना मी त्या शेताचंच सांगत बसते. ओसाड माती पुन्हा माणसाला जेवू घालताना मी पाहिली, तेही आपण फेकून देतो त्या कोयींच्या जोरावर.

काल शबानाचा फोन होता. काकांनी दोरी सोडून आणखी अलीकडे, पांढुरक्या जमिनीत नेऊन बांधलीय. विचारत होते, पुढची पोती कधी आणता.