वच्छीचं गिधाड

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलेल्या एका साध्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं. प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीच्या, वच्छीच्या दुखण्याबद्दल होता.

वच्छी प्राथमिक शाळेत शिकवायची. महाल भागातल्या घरून शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्याला सायकलनं जायची. महिन्यातले चार दिवस ती वर्गाला पाढे लिहायला लावी आणि खुर्चीच्या पाठीवर पोट दाबून उभी राही. पोरांना वाटे, बाई लक्ष ठेवून आहेत. आमच्याकडे बाई बाजूला बसली की लहानांना 'कावळा शिवला' म्हणून सांगतात. वच्छी मात्र मला, मोठ्या भावाला, न लाजता म्हणे, "मले कावळा नाही शिवत गा भाऊ. गिधाड शिवते. लचके तोडून जाते."

लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. कारण मात्र ज्याच्या त्याच्याकडे तयार होतं. सासू म्हणे सायकल, शेजारीण म्हणे चिंचा. वच्छी हसून म्हणे, "चिंचा त माह्या नणंदेनं माह्याहून दुप्पट खाल्ल्या. तिले तीन पोरं हायेत. तिच्या चिंचा काय गोड होत्या?" पण सायकल तिनं सोडली. पोट दुखायचंच.

नवरा आला नाही, म्हणून दवाखान्यात मी घेऊन गेलो. बाकावर पाचसहा बायका बसलेल्या. डॉक्टरीणबाई त्यांच्यादेखतच विचारू लागल्या. पाळी पहिल्यांदा कधी आली? अकराव्या वर्षी. किती दिवसांनी येते? बावीस-तेवीस. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्या आईला असाच त्रास होता का?"

बाकावरच्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. भांडण हातघाईवर आलं की माणसं एकमेकांची आई काढतात, एवढंच मला ठाऊक. चारचौघांत आईची पाळी काढलेली ऐकून माझे कान तापले.

आई गेली तेव्हा वच्छी पाच वर्षांची होती, मी बारा. तिला काही आठवत नाही. मला आठवतं. दर महिन्याला चुलीत वीट तापवून, पोत्यात गुंडाळून मीच आईच्या पोटाशी देत असे. ती दातांत पदर धरून पडलेली असे.

"नाही," मी म्हणालो. "आमच्या आईला कधीच काही नव्हतं."

बाईंनी तसं लिहून घेतलं आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. वच्छीनं त्या दहा वर्षं खाल्ल्या.

शेवटी दुसऱ्या दवाखान्यात पोट उघडावं लागलं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, पोटभर वाढलं होतं. दोन्ही अंडाशयांत काळ्या रक्ताच्या गाठी. सगळं काढून टाकलं.

शुद्धीवर आल्यावर चारपाच दिवसांनी वच्छीनं डॉक्टरांना विचारलं, "हे कशानं होते जी?"

"नक्की कुणालाच माहीत नाही," ते म्हणाले. "पाळीचं रक्त उलटं पोटात उतरून तिथं रुजत असावं, असा अंदाज आहे. पाळी लवकर सुरू झालेली, लवकर लवकर येणारी, रक्त जास्त जाणारी, मूल न झालेलं, अशा बायकांत जास्त दिसतं. आई-बहिणीला असेल तर शक्यता वाढते. ते कळलं तर आम्हीही लवकर शोधतो."

"मायले नव्हतं," वच्छी म्हणाली. "भाऊनं तवाच सांगतलं. भाऊले सारं आठवते." मग छताकडे बघत म्हणाली, "म्हंजे माहंच काही चुकलं असंल. सायकलच असंल."

"सायकलचा काही संबंध नाही हो," डॉक्टर म्हणाले. तिनं मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. मी खाटेजवळच उभा होतो. औषधांची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

अजूनही रविवारी मी तिच्याकडे जातो. ती चहा ठेवते, माझ्या तोंडाकडे बघते. "काहून गा, आपरेशन माहं झालं अन् बिमार तू दिसून राहिला?" मी चहा पिऊन उठतो.

तेव्हा खरं सांगितलं असतं तर तिला मूल झालं असतं का, मला माहीत नाही. डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. पण ती स्वतःला दोष देत जगते आहे, आणि तो दोष तिचा नाही, हे तिला पटवणारी गोष्ट फक्त मला माहीत आहे. आपल्या आईलाही असंच दुखत होतं, एवढं वाक्य मी वच्छीचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.