उठला की उठली?

छापखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, शाईसारखे बोटांना लागून घरी येतात. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीत मी गिरगावातल्या एका छापखान्यात प्रूफं तपासायचो. तिथले बरेच किस्से विसरलो. सुमतीबाईंच्या पुस्तकाचे मात्र काही केल्या जात नाहीत.

*

बाई दादरच्या शाळेत शिकवायच्या. नऊ वर्षं खपून त्यांनी एका परदेशी कादंबरीचं भाषांतर केलं होतं. आमचे मालक दत्तोपंत म्हणाले, "गोष्ट काय आहे?"

"एक सरदारपुत्र तीनशे वर्षं जगतो. मधेच एका सकाळी उठतो, तर बाई झालेला! माणूस मात्र तोच."

दत्तोपंतांनी तपकीर ओढली. "आमच्याकडे उलट झालं बाई! लग्नात बाई होती, आता सरदार आहे!"

बाईही हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "तुम्ही हसलात ते ठीक. पण त्या पानावर वाचक हसला, तर माझी नऊ वर्षं पाण्यात."

*

पुस्तकाचे खिळे जुळवायला दिले ते आमचे कंपोझिटर परबतात्या यांच्याकडे. मूळचे मालवणकडचे, राहायला परळच्या चाळीत. हात इतका चोख, की माझी लाल पेन्सिल महिनोन्महिने झिजायची नाही.

एक दिवस तात्या विजयी मुद्रेने चाळीस पानं घेऊन आले. "शिक्षकीण ना ओ ती? अर्ध्या पुस्तकानंतर सगळी क्रियापदं चुकवल्यानी! तोच माणूस, आणि गेली, बसली, म्हणाली! मी सगळी सुधारली."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तात्या, ती चूक नाही हो. तीच गोष्ट आहे."

तात्यांनी चाळीस पानं मुकाट्याने पुन्हा जुळवली. पण जुळवताना आता ते ओठ हलवून वाचू लागले, हे माझ्या लक्षात आलं.

*

त्या पानांत ती गेली, ती बसली, ती म्हणाली इतकं झालं, की टाइपांच्या खणातले 'ती'चे खिळेच संपले! नेमका तेव्हा लालबागच्या एका चाळीतला गणपत, मिलमधला जॉबर, समितीच्या सभेचं पत्रक घ्यायला आला.

"अरे, हे काय छापलंय? समितीची नुसती 'समि' झाली की रे!"

"तुमची 'ती' आमच्या नायिकेने अडकवून ठेवलीय," मी म्हटलं.

गणपत तावातावाने ती पानं बघायला गेला आणि अर्धा तास उभ्याने वाचत राहिला. जाताना हळूच म्हणाला, "पत्रक उद्या सकाळी चालेल. काय रे, ही पुन्हा बाप्या होते काय?"

*

सगळं जुळून झालं, एक वाक्य सोडून. माणूस जागा होतो ते वाक्य. बाई रोज शाळा सुटल्यावर यायच्या, लिहायच्या, खोडायच्या.

"इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही," त्या रडकुंडीला आल्या होत्या. "मराठीत 'उठला' म्हटलं तर अजून पुरुषच. 'उठली' म्हटलं की गुपित फुटलं. मग लोक हसणारच!"

तात्या खणापाशी उभे होते. मान वर न करता बोलले. "बाई, गावाक दशावतारात मी वीस वर्सां राण्या केल्या. धोतर सोडल्यावर आणि साडी नेसायच्या आधी मधे एक घटका असायची. तेव्हा मी कोण, ह्यां माका कोणी कधी इचारल्यान नाय."

 इतक्या वर्षांत तात्यांनी राण्यांचं नावही काढलं नव्हतं.

"घरात बाळंतीण असली की बायका काय विचारतात? 'काय झालं?' मुलगा की मुलगी ते कळेपर्यंत पोर 'झालं'च असतं. लिवा तुम्ही. 'जाग आली. ते उठलं.'"

बाईंनी लिहिलं. कागदावर डोळ्यांतलं टिपूस पडलं, ते टिपकागदाने टिपून त्यांनी पान तात्यांच्या हाती दिलं. मला त्या दोघांचाही फार अभिमान वाटला.

*

त्या पानाचं प्रूफ दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आलं. बाई शेजारी उभ्या. चूक एकही नव्हती. फक्त समासात शिसपेन्सिलीने, तात्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

"बाई, हसू नाही आलं. या पानावर मी रडले."

सवयीने माझी लाल पेन्सिल शेवटच्या 'ले'वर गेली. बाईंनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "शुद्ध आहे."