कोपऱ्यातली उंच गाडी

दुष्काळाचा उन्हाळा होता. आमचं उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती, म्हणून जिल्ह्याच्या गावाला शोभेल अशी माझी पिकअप उंच करून मोठे टायर टाकायला मी लातूरच्या एका मिस्त्रीकडे गेलो.

त्यानं गाडीला एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली आणि मलाच कामाला लावलं. आधी माझी गाडी ढकलायला सांगितली, मग कोपऱ्यातली, उंच अन् मोठ्या टायरची. ती जागची हलेपर्यंत माझा सदरा पाठीला चिकटला.

"दमलाव ना मालक? इंजिन बी असंच दमतंय, मग डिझेल ढोसतंय. वरून उंच गाडीला वारा लई अडवतो. अन् उंची पाहिजे कशाला? नदीत पाणी हाय का वलांडायला?"

मी गाडी वळवायला निघालो. त्या उंच गाडीच्या मागे भिंतीला एक सायकल टेकवलेली होती.

"ही उंच गाडी कुणाची?"

"माझीच. लई पिती, म्हणून सायकलवर येतो."

"मग करा की तीच खाली!"

तो चिंधीनं तिच्या टायरवरची धूळ पुसत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. नदीला पूर आल्यावर लागंल की."