बिल्ल्याखालचा निळा रंग

माझ्या भावोजींचं शिलाईचं दुकान आहे. दोन मशिनं, एक इस्त्रीचं टेबल, एक आरसा आणि आरशासमोर एक स्टूल, ज्यावर पोरांना उभं करून मापं घेतात. एका मशीनवर भावोजी बसतात, दुसऱ्यावर मी. काजं-बटणं माझ्याकडे असतात. माझी बायको विचारणाऱ्याला सांगते की हे दुकानात बसतात, आणि त्यातला 'बसतात' हा शब्द जरा लांबवते.

भावोजींना सगळे मास्तर म्हणतात. त्यांच्या दोन खोडी आहेत. पहिली ही, की मुलांचे कपडे ते वाढत्या अंगाचे शिवतात. तसे सगळेच शिवतात, पण यांचं जरा जास्तच. पायात, बाहीत, कुशीत, जिथे म्हणून कापड दुमडून ठेवता येईल तिथे ते ठेवतात. त्यामुळे नवा गणवेश घातलेलं पोर पहिलं वर्षभर थोरल्या भावाचे कपडे चोरून आल्यासारखं दिसतं. आया तक्रार करतात. भावोजी कात्री न थांबवता म्हणतात, "अंग वाढतंय, कापड संपतंय. आत्ता दुमडून ठेवलं तर पुढे सोडता येईल." हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

दुसरी खोड अशी की टाक्यांच्या बाबतीत ते खोटं बोलत नाहीत. उसवलेला कपडा कोणी आणला की चष्मा लावून बघतात आणि म्हणतात, "हे माझे टाके आहेत, चूक माझी." मग फुकट शिवून देतात. गिऱ्हाईक बिचारं विसरूनही गेलेलं असतं. मी टेबलाखालून पाय मारून पाहिले, उपयोग झाला नाही.

त्यांना एकच मुलगी. घरात तिला गुंडी म्हणतात, कारण लहानपणी ती माझ्या डब्यातली एक गुंडी गिळून बसली होती आणि तिने सगळ्यांना दोन दिवस घोर लावला होता. ही गुंडी शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. अभ्यासात हुशार. दुसऱ्या शहरातल्या विज्ञानाच्या कॉलेजात तिला जागा मिळाली होती. फक्त शाळेचा वर्तणुकीचा दाखला द्यायचा राहिला होता, आणि कॉलेजला त्यावर 'उत्तम' हाच शब्द लागत असे. गुंडीच्या वर्तणुकीला नाव ठेवायला कोणाला जागा नव्हती, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. भावोजींनी तिच्यासाठी एक मोठी बॅग शिवायलाही घेतली होती, तीही वाढत्या अंगाची.

तेवढ्यात मोर्चाचं निघालं. गावाबाहेरच्या वीजकेंद्रात कोळशाचा आणखी एक संच बसणार होता. हवा आधीच तापली आहे, आणखी कोळसा नको, असं पोरांचं म्हणणं. सगळ्या शाळांची पोरं सुट्टीच्या दिवशी नगरपालिकेवर जाणार होती, गणवेशात, म्हणजे ही शाळेतली पोरं आहेत हे लोकांना कळावं.

यावर गावात प्रत्येकाला मत होतं, आणि सगळी मतं आमच्या दुकानात येऊन पडत होती. वीजकेंद्रातले फोरमन पँट कमरेत सैल करायला आले होते. माप देण्यासाठी हात वर करून ते म्हणाले, "पंख्याखाली बसून घोषणा लिहितात. तो पंखा कशावर चालतो म्हणावं."

गुंडी गुंड्यांचे रंग वेगळे करत बसली होती. ती म्हणाली, "काका, तो तुम्ही चालवता म्हणून तर तुम्हाला सांगतोय. आम्ही कोणाला सांगायचं, पंख्याला?"

फोरमनचे हात वर होते. हात वर करून वाद घालणं फार अवघड असतं, त्यामुळे ते छताकडे बघून हसले. जाताना मला म्हणाले, "माझा नातूही जाणार आहे. घरात कोणाला बोलू नका." घरात बोलायला त्यांच्या घरी जातो कोण.

माझं मत असं होतं की उन्हात हिंडून ऊन कमी होत नाही. ताईचं, म्हणजे माझ्या बहिणीचं मत दर जेवणाला बदलत होतं. एकदा ती म्हणे, "गेल्या उन्हाळ्यात वर्गात पोरं चक्कर येऊन पडली, तेव्हा कोण विचारायला आलं? बोलू दे त्यांना." आणि ताट उचलताना म्हणे, "पण हिने बोलायला नको." भावोजींचं मत सरळ होतं. "हवा तापली आहे, मान्य. मी इस्त्रीजवळ बसतो, मला नको सांगू. पण शिकायच्या वयात शिकावं. आधी कॉलेजात जा, मग काय आरडाओरडा करायचा तो कर."

"तोवर संच बसलेला असेल, बाबा," गुंडी म्हणाली.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी प्रार्थनेच्या वेळी सांगून टाकलं की सुट्टीत कोणी कुठे जावं हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, पण शाळेचा बिल्ला मोर्चात दिसला तर त्या मुलाने चांगल्या दाखल्याची आशा सोडावी. गावात निळा शर्ट तीन शाळांना आहे. फरक फक्त खिशावरच्या बिल्ल्याचा, आमचा तिकोनी. पोरांनी यातून वाट काढली. बिल्ला उसवून जायचं, येऊन परत लावायचं. आणि उसवायला आणि लावायला ती कुठे येणार? आमच्याकडे.

आधी चार-सहा आली, मग रांग लागली. मला वाटलं भावोजी हाकलून देतील. त्यांनी चष्मा लावला, ब्लेड घेतलं आणि म्हणाले, "मोर्चासाठी नाही उसवत. शाळेचं नाव जाऊ नये म्हणून उसवतोय." कोणी विचारलं नव्हतं. दुपारभर ते एकेक टाका तोडत होते आणि मी बिल्ले डब्यात ठेवत होतो. शर्ट घड्या घालूनच येत होते, घड्या घालूनच परत जात होते.

शेवटी त्यांनी गुंडीपुढे हात केला. "आण तुझा."

"माझा नको."

"का?"

"आम्ही जाऊन सांगणार, मोठ्यांनी लपवाछपवी करू नये. आणि स्वतःच लपवून जायचं?"

"दाखला गेला म्हणजे?"

"जाईल."

"जाईल काय जाईल. कॉलेज काय तुझ्या मामाचं आहे?"

मी मान खाली घालून काजं करत राहिलो. मामाचा उल्लेख अशा वेळीच होतो. भावोजींनी आणखी बराच वेळ समजावलं, मग आवाज चढवला, मग ब्लेड खाली ठेवलं. त्या दिवशी बापलेकीचं जेवताना बोलणं झालं नाही. ताईने मला बाजूला घेऊन सांगितलं की मोर्चात जा आणि हिच्याजवळ राहा.

म्हणून मी मोर्चात होतो. फुटपाथवरून, पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन. घोषणा जुळत नव्हत्या आणि ऊन जोरात होतं. बंदोबस्ताचे पोलीस सावली शोधत होते. धुळीमुळे पोरांनी नाकाला फडकी बांधली होती. गुंडी पहिल्या रांगेत होती. तिने एक भलीमोठी पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. पाटीवर लिहिलं होतं: 'अंग वाढतंय, कापड संपतंय.' जो बिल्ला दाखवायला तिने घर डोक्यावर घेतलं होतं, तो सबंध मोर्चाभर त्या पाटीमागे होता. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. मी सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. भावोजींनी आधी पाटी वाचली. "हे माझं वाक्य आहे," ते म्हणाले. "मला विचारलं नाही." नंतर बराच वेळ ते फोटोकडे बघत राहिले. मग मलाही दिसलं. गुंडीच्या मागे आमच्या शाळेच्या पोरांची रांग होती, आणि प्रत्येकाच्या खिशावर गडद निळा त्रिकोण होता. शर्ट उन्हाने, धुण्याने विटलेले. बिल्ल्याखालचं कापड मात्र दुकानातून नेलं त्या दिवशी होतं तसंच. बिल्ला असताना जितका दिसला नसता तितका तो आता दिसत होता.

भावोजी जन्मभर कापडात वावरले, पण त्यांना कापड दिसतं ते नवं. जुनं काय ते धोब्याला ठाऊक. ते पेपर घडी करून म्हणाले, "बिल्ले लावून गेली असती तर बरं झालं असतं."

पोरं धावत आली आणि बिल्ले परत लागले. ते सगळे हाताने लागले, कारण नव्या शर्टाला बिल्ला आधी खिशावर मशीनने शिवतात आणि मग खिसा शर्टाला जोडतात. नंतर मशीन मारलं तर खिसाच शिवला जातो. ही गोष्ट मोठ्या बाईंनाही माहीत होती, कारण त्या स्वतः शिवण शिकवायच्या.

शाळेतून निरोप आला, मास्तरांनी यावं. मी सोबत गेलो. मोठ्या बाई दमलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, पोरांचं म्हणणं मला पटत नाही असं समजू नका. पण संस्थेचे अध्यक्ष सकाळपासून तीनदा फोन करून झालेत, कोण कोण होतं ते सांगा म्हणून. शाळा काही माझ्या नावावर नाही. पोरांच्या तोंडावर फडकी होती. राहिले टाके. माझा चष्मा आता कामाचा नाही, म्हणून तुम्हाला बोलावलं. हाताचे कोणते, मशीनचे कोणते, तेवढं सांगा."

हॉलमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं रांगेने उभी होती. पहिलीच गुंडी. फोटोत तिची पाटी होती, कपाळ होतं, डोळे होते, पण दोन वेण्या घातलेल्या मुलीचं कपाळ कोणाचंही असू शकतं. मोठ्या बाईंनी स्वतःच तिचा खिसा बोटांनी चाचपला, अगदी डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला.

"हा मशीनचा आहे. बिल्ला निघालेलाच नाही." त्या भावोजींकडे वळल्या. "मास्तर, तुमची मुलगी तरी घरी बसली. बरं वाटलं. हिचा दाखला आजच लिहिते."

सगळी रांग खाली बघायला लागली. भावोजींना काही करायचं नव्हतं. बोलायचंही नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं, आणि न हलवली असती तरीही. जागा, कॉलेज, शिवून तयार असलेली बॅग, सगळं त्यांच्या गप्प राहण्यात होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, राहा गप्प. एकदा तरी राहा.

"बाई," भावोजी म्हणाले, "ती गेली होती."

"काय?"

"बिल्ला लावून गेली होती. मी उसवतो म्हणालो, ती नको म्हणाली. पहिल्या रांगेत पाटी धरलेली, ती हीच. वाक्य माझं आहे."

मोठ्या बाईंनी गुंडीचा खिसा सोडला. म्हणाल्या, "आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं मी सांगणार नाही. ती माझी गिऱ्हाइकं आहेत. ही माझी मुलगी आहे."

"हाताचे टाके कोणाचे आहेत, एवढंच विचारतेय."

"माझे आहेत. चूक माझी."

त्यापुढे त्यांच्याकडून काही निघेना. मोठ्या बाईंनी मुलांना वर्गात पाठवलं. अध्यक्षांना त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. दाखले मात्र सगळ्यांना मिळाले, एकीचा सोडून सगळ्यांचे 'उत्तम'. गुंडीच्या दाखल्यावर 'समाधानकारक' लिहिलं होतं. एकीने तरी भरावं, त्याशिवाय अध्यक्ष थांबले नसते, असं मोठ्या बाई ताईला म्हणाल्या आणि मग रडल्या, हे ताईने नंतर सांगितलं. कॉलेजने तो दाखला परत पाठवला. जागा गेली.

त्या दिवशी शाळेतून घरी येताना बापलेक पुढे चालत होते आणि मी मागे. गुंडी म्हणाली, "मी सांगणारच होते. तुम्ही कशाला सांगितलंत?"

"मला वाटलं, तू गप्प बसशील."

"मला वाटलं, तुम्ही बसाल," गुंडी म्हणाली.

दोघांची चाल हळू झाली. मला फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटत असताना त्या दोघांचा थोडा अभिमानही वाटत होता. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही त्यात काय केलं? मी म्हटलं, बाटल्या धरल्या.

गुंडी आता गावातल्याच कॉलेजात जाते. तिथे विज्ञानाची प्रयोगशाळा कुलपात असते आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर असतात. ती मोठी बॅग दुकानात खुंटीला आहे, आम्ही तिच्यात चिंध्या टाकतो. भावोजी तिच्याकडे पाठ करून बसतात. संच अजून बसलेला नाही. बसणार नाही असंही कोणी म्हणत नाही.

परवा पुन्हा मोर्चा निघायचा होता. गुंडी शाळेचा तोच शर्ट घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, "बाबा, बिल्ला काढा. आता मी त्या शाळेची नाही." भावोजींनी ब्लेड घेतलं आणि स्वतःचेच मशीनचे टाके एकेक करून तोडले. खाली गडद निळा त्रिकोण निघाला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"घाल बघू," ते म्हणाले.

गुंडी शर्ट घालून स्टुलावर उभी राहिली, लहानपणी राहायची तशी. बाह्या मनगटाच्या वर गेल्या होत्या आणि पाठीत शर्ट ताणला होता. भावोजी मागच्या मोर्चाच्या वेळी म्हणाले होते तेच पुन्हा म्हणाले, की शिकायच्या वयात शिकावं. बोलता बोलता त्यांनी बाहीची दुमड उलटी केली.

"सैल करून देऊ?"

"कापड आहे अजून?" गुंडीने विचारलं.

भावोजींनी दुमड बोटांत धरून उजेडाकडे केली.

"थोडं आहे," ते म्हणाले.