मेव्हिसची मुकी साक्ष

आमच्या गल्लीत बातमी अशी आहे, की मेव्हिस एंटविसलनं लंडनच्या पार्लमेंटात सर ज्युलियन फेअरबर्नच्या टाळक्यात पार्किनचा डबा हाणला आणि पोलिसांनी तिला बखोटीला धरून बाहेर काढलं. सांगणाऱ्यांत माझा नवरा केन सगळ्यात पुढे. तो तर डब्याला आलेला पोचासुद्धा दाखवतो. पोचा जुना आहे, केनच्याच हातून डबा पडला तेव्हाचा. मी त्या दिवशी मेव्हिसच्या शेजारी बसले होते, तेव्हा माझं ऐका: डबा फेकला नाही. आतलं पार्किन आम्ही दोघींनी परतीच्या गाडीत संपवलं. मेव्हिसच्या हातचा तो आल्याचा केक विटेइतका घट्ट असतो. फेकला असता तर सर ज्युलियन आज या जगात नसते, एवढं मात्र केनचं खरं. पण मेव्हिसला तो मेलेला नकोच होता. तिला तो जिवंत हवा होता, चारचौघांत उघडा पडलेला.

मेव्हिस शाळा सोडून सरळ मागावर उभी राहिली. आमच्या गावातल्या, हॅगशॉतल्या पोरी तेव्हा दुसरीकडे कुठे जाणार? एका छपराखाली शेकडो माग धडधडायचे, कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून विणकर बायका ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचाच नाही, तोंड मात्र रबरासारखं ताणायचं. कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, मुकादमाची बायको कुणाबरोबर समुद्रावर दिसली, सगळं मुक्यानं. गिरणी बंद पडली, छप्पर उतरलं. मागांनी मेव्हिसचे कान नेले, दोन्हीकडे ऐकायची यंत्रं बसली, पण नजर ससाण्याची राहिली. रस्त्यापलीकडच्या बंद खिडकीमागे कोण काय बोललं ते तिला आजही कळतं. म्हणून आमच्याकडे नवराबायकोला भांडायचं असलं, की आधी पडदे ओढतात. केन तिच्या दारावरून जाताना तोंडापुढे पेपर धरतो. त्याच्या पोटात एवढं काय आहे, ते मी अजून शोधते आहे.

आमच्या घरांच्या मागे कालवा आहे. पाणी आमच्या छपरांच्या उंचीवर, आणि मध्ये मातीचा बांध. त्या बांधाला टेकून मेव्हिसच्या नवऱ्याचा, क्लिफर्डचा, कबुतरखाना होता. शर्यतीची कबुतरं. दर शनिवारी ती फ्रान्सातून सोडली जायची आणि क्लिफर्ड मान वर करून अंगणात बसायचा. बांध झिरपतोय हे पहिल्यांदा त्यालाच दिसलं. त्यानं कालवे सांभाळणाऱ्या न्यासाला फोन केला. "नोंद घेतली आहे," असं उत्तर आलं. परत केला. परत नोंद घेतली. क्लिफर्ड म्हणाला, "एवढी नोंद घेतायत म्हणजे बांध आता नोंदीनंच बुजणार."

फेब्रुवारीत एका सकाळी आम्ही चहा ओतत असताना बांध फुटला. घराघरांतल्या स्वयंपाकघरात छातीइतकं पाणी. कबुतरखान्याचं दार पाण्याच्या दाबानं उघडेना. क्लिफर्ड दार ओढत राहिला, आतली फडफड थांबेपर्यंत. मग घर दुरुस्त होईपर्यंत त्या दोघांना गावाच्या दुसऱ्या टोकाला एक फ्लॅट दिला. तिथे पक्षी पाळायला बंदी. शनिवार आला की क्लिफर्ड खिडकीत बसून रिकाम्या आभाळाकडे बघायचा. पुढचा ख्रिसमस काही त्यानं पाहिला नाही. डॉक्टरांनी फुप्फुसाचं काहीतरी नाव सांगितलं. मेव्हिसनं दुसरंच नाव सांगितलं: ज्युलियन.

सर ज्युलियन म्हणजे त्या न्यासाचे प्रमुख. त्यांचा पेपरात आलेला फोटो मेव्हिसनं फ्रिजवर चिकटवला. रोज सकाळी दुधाची बाटली काढताना ती त्याला "गुड मॉर्निंग, ज्युलियन" म्हणायची, खाटीक बोकडाला म्हणेल त्या आवाजात.

न्यासाला विचारलं, तर न्यास म्हणायचा, आम्ही सरकारी खात्याच्या देखरेखीखाली आहोत, खातं आमच्या कामावर समाधानी आहे, त्यांना विचारा. खात्याला विचारलं, तर खातं म्हणायचं, न्यास ही स्वतंत्र संस्था आहे, आम्ही तिच्यापासून हातभर अंतर ठेवून असतो. "हातभर!" मेव्हिस म्हणायची. "माझा क्लिफर्ड त्या हातभर जागेत बुडाला, बयो. तो रुंद माणूस होता, तरी मावला."

तिला भरपाई नको होती, ती मिळाली होती. माफीही नको होती, तीही छापील आली होती. तिला एवढंच हवं होतं, की 'आम्हाला माहीत होतं' हे त्या दोघांपैकी एकानं स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांसमोर म्हणावं. आणि म्हणताना त्याला दुखावं.

मग तिनं रोझलिनला धरलं. रोझलिन डकवर्थ आमची खासदार. तिची आई बेसी मेव्हिसच्या शेजारच्या मागावर होती, त्यामुळे खासदार झाली तरी मेव्हिसला ती मावशीच म्हणते. दर शनिवारी रोझलिन लायब्ररीत लोकांना भेटते. दर शनिवारी मेव्हिस पार्किनचा डबा घेऊन पहिली हजर.

"मावशी, माझे दात आता राहायचे नाहीत," रोझलिन म्हणायची.

"मग लवकर काहीतरी कर. दात आहेत तोवर त्या न्यासवाल्यांना चाव."

शेवटी जमलं. स्वतंत्र म्हणवणाऱ्या सार्वजनिक संस्थांवर सरकार नीट लक्ष ठेवतं का, याची चौकशी संसदेची एक समिती करत होती आणि रोझलिन त्या समितीवर होती. तिनं आमच्या बांधाचं प्रकरण नमुना म्हणून पुढे केलं. सर ज्युलियन आणि खात्यातले मिस्टर पेल्हॅम, म्हणजे न्यासावर लक्ष ठेवायला नेमलेले साहेब, दोघांना साक्षीला एकत्र बोलावलं.

"मावशी, यायचं तर या," रोझलिननं बजावलं, "पण तिथे प्रेक्षकांनी आवाज काढायचा नसतो. टाळी नाही, शिव्या नाहीत, खाकरणंसुद्धा बेतानं. नाहीतर बाहेर काढतील."

"माझ्या तोंडातून ब्र निघायचा नाही," मेव्हिस म्हणाली. ती शब्दाला पक्की आहे.

समितीच्या खोलीत खासदार घोड्याच्या नालासारखे बसतात, साक्षीदार त्यांच्यासमोर, आणि आम्ही प्रेक्षक साक्षीदारांच्या पाठीमागे. म्हणजे मेव्हिसला अर्धा इंग्लंड ओलांडून पाहायला काय मिळालं, तर दोन माना. एक गुलाबी, एक पिवळट.

"गुलाबी त्याची," ती माझ्या कानात म्हणाली. "कुऱ्हाडीजोगी आहे."

अध्यक्षबाईंनी विचारलं, खातं न्यासावर लक्ष कसं ठेवतं? मिस्टर पेल्हॅम म्हणाले, "आमची पद्धत अतिशय भक्कम आहे, अध्यक्ष महोदया. रोजच्या कारभारात आम्ही हात घालत नाही. मात्र धोका दिसला की न्यासानं कळवायचं आणि आम्ही पावलं उचलायची."

"हॅगशॉच्या बांधाबद्दल कळवलं होतं?"

"अधिकृतपणे आमच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं."

सर ज्युलियन म्हणाले, त्या वेळच्या परिस्थितीत न्यासानं जे केलं ते उचितच होतं, आणि खातं समाधानी होतं. असं अर्धा तास. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि दोघंही इतके सभ्य, की जणू टेनिस खेळताहेत.

मेव्हिसनं मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणतायत?"

"काहीच नाही."

"वाटलंच."

तेवढ्यात मतदानाची घंटा वाजली. ती वाजली की सगळं टाकून खासदारांना सभागृहात मत द्यायला पळावं लागतं, समिती तेवढा वेळ थांबते. रोझलिन पळाली. आम्ही बाहेरच्या लांबलचक कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो. सर ज्युलियन आणि पेल्हॅमही बाहेर आले. सर ज्युलियन अदबीचे. त्यांनी मेव्हिसकडे वाकून विचारलं, "इथं आम्ही उभं राहिलं तर तुम्हाला त्रास नाही ना?"

त्यांनी तिला ओळखलं नाही. ती मात्र त्यांना रोज सकाळी फ्रिजवर भेटत होती.

"काय? मोठ्यानं बोला!" मेव्हिस खेकसली आणि कानातलं यंत्र चाचपलं.

सर ज्युलियन हसले. ठार बहिरी म्हातारी आणि तिच्याबरोबर डबा सांभाळणारी एक जाडी. त्यांना वाटलं, आपण किती सुरक्षित आहोत. तरी शहाणपणा म्हणून ते दोघं दूर, पार टोकाच्या खिडकीपाशी गेले. पेल्हॅमची आमच्याकडे पाठ. सर ज्युलियनचं तोंड मात्र आमच्याकडे, खिडकीच्या उजेडात लखलखीत. आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही.

मला कुजबुजसुद्धा ऐकू येत नव्हती. मेव्हिसचे डोळे बारीक झाले. तिचे ओठ किंचित हलू लागले, कुणी जुनी प्रार्थना म्हणावी तसे.

"देखरेखीच्या बैठका झाल्याच नाहीत, असं म्हणतोय," ती पुटपुटली. "वर्षभर एकही नाही. हाच रद्द करायचा आणि दुसरा खूश व्हायचा... थांब... म्हणतोय, बांध झिरपतोय हे मी तुला जेवताना सांगितलं होतं. आणि तूच म्हणालास, हे मला अधिकृतपणे सांगू नकोस, नाहीतर मला काहीतरी करावं लागेल."

तिनं माझं मनगट धरलं. त्या म्हातारीच्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. वळ दिसत होते नंतर.

मतदान करून खासदार त्यांच्या दारानं घाईघाईनं आत शिरले आणि लगेच काम सुरू. रोझलिनला गाठायला सवडच नाही. "चिठ्ठी पाठवू या," मी म्हटलं.

"चिठ्ठी कारकुनाच्या टेबलावर थंड होईल. गप बस."

आणि ती वाट पाहू लागली. समोर त्या दोन माना, मानांच्या पलीकडे रोझलिन, कागदांत डोकं घातलेली. तिनं वर पाहिलं मात्र, आणि मेव्हिसनं तोंड उघडलं. ओठ ताणले, गाल ओढले, भुवया कपाळाला लावल्या. आवाज नाही. दारापाशीचा रखवालदार डोळे वटारून बघत होता. पण म्हातारीनं वेडंवाकडं तोंड केलं म्हणून हाकलावं, असा नियम त्याला सापडेना.

क्षणभर रोझलिनला काही कळलं नाही. मग तिचा चेहराच बदलला. लहानपणी चर्चमध्ये चुळबुळ केली, की तिची आई चार बाकांवरून असंच मुक्यानं तिला फाडून खायची. ती भाषा कुणी विसरतं का? तिचेही ओठ हलले. मला एवढं एक वाचता आलं: "नक्की?"

"तुझ्या आईची शपथ," मेव्हिस मुक्यानं म्हणाली.

"मिस डकवर्थ, तुमचा प्रश्न?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

रोझलिननं कागद बाजूला सारला. अगदी गोड आवाजात म्हणाली, "सर ज्युलियन, हा बांध झिरपतोय हे तुम्ही मिस्टर पेल्हॅमना जेवताना सांगितलं होतं का? उत्तर देण्यापूर्वी आठवण करून देते, या समितीशी खोटं बोलणं म्हणजे संसदेचा अवमान असतो."

खोलीत पिन पडली असती तरी ऐकू आली असती, मेव्हिस सोडून सगळ्यांना. गुलाबी मान आधी लाल झाली, मग पांढरी. 'नाही' म्हणावं, तर सगळं पाप एकट्याच्या माथ्यावर. 'हो' म्हणावं, तर शेजारचा मेला. सर ज्युलियननी फार वेळ घेतला नाही.

"हो," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं. आणि मिस्टर पेल्हॅमनी मला ते लेखी देऊ नका म्हणून सांगितलं."

"हे मी ऐकून घेणार नाही!" पेल्हॅम उसळले. "अध्यक्ष महोदया, यांनीच मला सांगितलं होतं, की दुरुस्तीची माणसं पाहुण्यांच्या भेटीसाठी दुसरीकडे कुंपणं रंगवायला लावली आहेत आणि उन्हाळ्यापर्यंत कुणी विचारणार नाही!"

"कारण तुम्ही एकाही बैठकीला आला नाहीत!"

"कारण तुम्ही बोलावलंच नाहीत!"

हातभर अंतर ठेवणारी ती दोन माणसं आता एकमेकांच्या अंगावर थुंकी उडेल इतकी जवळ आली होती. मेव्हिस मांडीवर डबा ठेवून, हात जोडून, चर्चमध्ये बसावी तशी बसली होती. मी तिला विचारलं, "सांगू काय म्हणतायत ते?"

"नको," ती म्हणाली. "माना बोलतायत."

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. सर ज्युलियननी कुटुंबाला वेळ देण्यासाठी पद सोडलं, म्हणजे कुटुंबाची काय चूक होती कोण जाणे. पेल्हॅमना खात्यानं कुठल्याशा कोपऱ्यात बसवलं. समितीच्या अहवालात आमच्या बांधावर अख्खं प्रकरण आहे. मेव्हिसनं ते वाचलेलं नाही. फ्रिजवरचा फोटो मात्र तिनं काढला. म्हणाली, आता त्याच्याकडे बघून भूक लागत नाही.

पण त्या दिवशी साक्ष संपल्यावर कॉरिडॉरमध्ये काय झालं, ते केनच्या बातमीत कधीच नसतं. रोझलिन त्या टोकाला लोकांच्या घोळक्यात अडकली होती. तिनं तिथूनच मुक्यानं विचारलं, चहा घेणार का? मेव्हिसनं मुक्यानं सांगितलं, दोन साखर. मध्ये सर ज्युलियन उभे होते. त्यांनी एकदा रोझलिनकडे पाहिलं, एकदा मेव्हिसकडे, मग टोकाच्या त्या खिडकीकडे. सगळं कळायला त्यांना तेवढं पुरलं. ते तरातरा आमच्यापाशी आले, आणि ती बहिरी आहे हे आठवून एवढ्या मोठ्यानं ओरडले की अख्खा कॉरिडॉर थबकला:

"बाई, ते आमचं खाजगी बोलणं होतं!"

मेव्हिसनं डब्याचं झाकण दाबून लावलं, उठून उभी राहिली आणि म्हणाली, "माझं स्वयंपाकघरही खाजगीच होतं. तुमचा कालवा विचारून आत आला होता का?"